दहा दिवस

कुत्रं दिसलं की माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघायचा, "जात कुठली?" नाव मग विचारायचो. समोरचा "लॅब्रेडॉर" म्हणाला तर मान डोलवायचो. तो ओशाळून "अशीच आहे हो, गावठी" म्हणाला तर विषय बदलायचो. हा प्रश्न आपण माणसांना विचारत नाही, अशी माझी समजूत होती. तिच्याकडे नंतर येतो.

बँकेच्या नोकरीत कृष्णराजनगरला बदली झाली आणि इथेच राहिलो. बायकोचं माहेर म्हैसूरचं. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड. कावेरीकाठचं जुनं येडतोरे, त्याला लागून वडियार राजांच्या नावानं वसलेलं हे नवं गाव. चहूकडे कालव्याचं पाणी आणि भात. निवृत्त झालो तेव्हा मित्रांनी जमिनीचे तुकडे घेतले, मी बंगळुरूहून जर्मन शेफर्डचं पिल्लू आणलं. सीझर. त्याच्या आईबापांची, आजी-आजोबांची, पणज्यांची नावं छापलेला कागद मी लॅमिनेट करून घेतला. माझ्या स्वतःच्या पणजीचं नाव मला माहीत नाही.

आल्या-गेल्याला मी इतिहास ऐकवायचो. १८९९ साली मॅक्स फॉन श्टेफानित्स नावाच्या घोडदळातल्या जर्मन कॅप्टननं कार्लस्रूहेच्या प्रदर्शनात मेंढ्या वळणारा एक कुत्रा पाहिला, तिथल्या तिथे विकत घेतला, त्याचं नाव होरांड ठेवलं आणि नव्या नोंदवहीत पहिल्या क्रमांकावर त्याला लिहिलं. पहिल्या महायुद्धामुळे इंग्रजांना 'जर्मन' हा शब्द नकोसा झाला, म्हणून त्यांनी याच कुत्र्याला 'अल्सेशियन' म्हणायला सुरुवात केली. आपल्याकडची जुनी मंडळी अजून तेच म्हणतात. एवढं सगळं पाठ होतं. पण शेफर्ड म्हणजे मेंढपाळ, म्हणजे आपला धनगर, आणि होरांड हा मुळात धनगरांच्या कुत्र्यांच्या वंशातला, हे माझ्या डोक्यात कधी शिरलं नाही. शिरू दिलं नाही म्हणणं जास्त खरं.

इथून जवळच, मंड्या जिल्ह्यात, आतकूर नावाचं गाव आहे. तिथला दहाव्या शतकातला एक शिलालेख आता बंगळुरूच्या सरकारी संग्रहालयात आहे. गंग राजा बूतुग यानं पराक्रमावर खूश होऊन मणलेर नावाच्या वीराला 'काय हवं ते माग' म्हटलं, तेव्हा त्यानं राजाचा काळी नावाचा शिकारी कुत्रा मागितला. पुढे तो कुत्रा रानडुकराशी झुंजला, दोघंही मेले. मणलेरानं कुत्र्यासाठी दगड उभा केला. वर दोघांची झुंज कोरलेली आहे आणि खाली जुन्या कन्नडात मजकूर. हजार वर्षांपूर्वी कुणीतरी कुत्र्यासाठी इतकं केलं, त्या दगडासमोर उभा राहून मी बायकोला काय विचारलं असेल? "हा कुठल्या जातीचा असेल गं?" ती काही बोलली नाही. दगडावर कुत्र्याचं नाव आहे, जात नाही.

धनगरी कुत्र्यांचा मला विशेष तिटकारा होता, आणि त्यासाठी माझ्याकडे एक तयार गोष्ट होती. पन्नास वर्षं सांगून ती गुळगुळीत झाली होती. १९७४. जत तालुक्यातलं आमचं गाव. शिवारात धनगरांचा वाडा उतरलेला. मी दहा वर्षांचा. त्यांचं पिसाळलेलं कुत्रं अंगावर आलं, पोटरीचा लचका तोडला. गावातल्या लोकांनी त्याला काठ्यांनी मारलं. मला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं, आणि बेंबीभोवती रोज एक अशी चौदा इंजेक्शनं. गोष्ट इथे आली की ऐकणारे कळवळायचे. मग मी म्हणायचो, "तेव्हापासून ती कुत्री आणि ती माणसं, दोन्ही नकोत." आणि ऐकणारे, सुशिक्षित, चांगल्या घरातले, हसायचे. ते का हसले हे मी कधी विचारलं नाही.

परवाच्या संक्रांतीपर्यंत हे असं होतं.

संक्रांतीच्या सुमाराला इथलं भात निघालेलं असतं आणि रिकाम्या खाचरांत मेंढरं बसवतात. रात्रभर कळप बसला की लेंडी-मुताचं खत जागच्या जागी पडतं, बदल्यात कुरुबांना, म्हणजे इकडच्या धनगरांना, रोख पैसे नाहीतर भात मिळतो. आमच्या ओळखीच्या एका गौडांच्या शेतात सिऱ्याकडचा कळप उतरला होता. संध्याकाळी सीझरला घेऊन तिकडून चाललो होतो. काळी, लोकरीची मेंढरं. भोवती वाघरीचं जाळं लावायचं काम चाललेलं, एका बाजूला कोकरांची डालगी, बांधावर कांबळी टाकलेली. आमच्या शिवारातला तो वाडा कुणीतरी उचलून कावेरीकाठी आणून ठेवावा, तसं. त्यांचं एक कुत्रं डालग्यांपाशी पडलं होतं. वाघ्या रंगाची, फाटक्या कानाची, सीझरच्या निम्म्या अंगाची कुत्री. तिनं आमच्याकडे नुसतं पाहिलं.

आता खरं सांगायचं तर सीझर सुटला नाही. मी सोडला. शेतमालक आणि दोन-तीन पोरं उभी होती, आणि मला दाखवायचं होतं. "हा मेंढपाळांचाच कुत्रा बरं का, जर्मनीचा. बघा आता," असं म्हणून मी साखळीचा हूक काढला.

पुढचं सगळं दोन-तीन मिनिटांत झालं असेल. सीझर बाणासारखा गेला. कळप फुटला, निम्मी मेंढरं जाळ्यावर जाऊन आदळली, एक डालगं उलटलं, कोकरं पायांत आली. मी ओरडत होतो, "सीझर, कम! कम!" आणि तो ऐकत नव्हता. तेव्हा ती कुत्री उठली. धावली नाही, भुंकलीही नाही. तिरकी चालत आली आणि सीझर आणि मेंढरं यांच्यामध्ये आडवी उभी राहिली. तो डावीकडून वळला, तीही तेवढीच सरकली. तो उजवीकडे, ती उजवीकडे. तिसऱ्यांदा तिनं शेपूट उंच केलं आणि घशातून एक आवाज काढला. मला तो जेमतेम ऐकू आला. छत्तीस किलोंचा माझा कागदपत्रवाला कुत्रा थांबला, जीभ आत घेतली, आणि माझ्या पायांमागे येऊन बसला. तिनं त्याच्याकडे पाठ केली आणि डालग्यांपाशी परत गेली.

म्हातारा कुरुब मात्र माझ्याच दिशेनं येत होता. चार पावलांवर तो खाली वाकला. त्याचा हात जमिनीकडे गेला आणि मी दोन्ही हात तोंडासमोर धरले. साठी उलटलेला माणूस, चारचौघांत. दगड येणार याची मला इतकी खात्री होती.

त्यानं चिखलातून एक कोकरू उचललं. त्याचे पाय एकेक करून दाबून पाहिले, कांबळ्याच्या टोकानं तोंड पुसलं, आणि मला म्हणाला, "सार, तुमच्या कुत्र्याचा दोष नाही. केलसा इल्ला अदक्के." त्याला काम नाही.

त्या रात्री झोप लागली नाही. दगड येणार असं मला का वाटलं, हे मला नीट माहीत होतं. १९७४ साली दगड मी मारला होता.

गोष्टीतलं ते कुत्रं पिसाळलेलं नव्हतं. ती कुत्री होती, आणि डालग्याच्या सावलीत तिची पिल्लं कोकरांबरोबर झोपलेली होती. आम्ही तीन पोरं. त्यांनी नुसते खडे टाकले, मी मुठीएवढा दगड घेतला. नेम कुत्रीवर होता की पिल्लांवर, हे आज आठवत नाही असं लिहिलं तर चालून जाईल. आठवतं. पिल्लांवर होता. ती आली, एकदाच चावली आणि लगेच माघारी वळली. मी रडत घरी गेलो आणि म्हणालो, "धनगराचं पिसाळलेलं कुत्रं." पिसाळलेलं हा शब्द माझा. तेवढ्यावर माणसं काठ्या घेऊन निघाली. धनगर हात जोडून सांगत होता की तिला काही झालेलं नाही, आठ दिवस बांधून ठेवतो, बघा. त्याचं कोण ऐकणार? अंधार पडायच्या आत वाडा हलला.

दुसऱ्या दिवशी मी सीझरच्या पशुवैद्यांकडे गेलो आणि आडून आडून विचारलं. चावलेलं कुत्रं दहा दिवस नजरेखाली ठेवतात, त्यांनी सांगितलं. दहाव्या दिवशी ते धडधाकट असेल तर चावण्याच्या वेळी त्याच्या लाळेत रेबीज नव्हता, पुढची टोचणी थांबवता येते. कुत्रं मारून टाकलं की तो मार्गच बंद. म्हणजे माझी चौदा इंजेक्शनं माझ्या एका शब्दाची होती. "आणि ती जुनी लस कशाची असायची माहिती आहे?" डॉक्टर रंगात आले होते. "डेव्हिड सेंपलनी कसौलीला १९११ मध्ये काढलेली पद्धत. मेंढीच्या मेंदूत विषाणू वाढवायचा, तो मारायचा आणि त्याचंच द्रावण टोचायचं. २००४ नंतर आपल्याकडे बंद झाली." धनगराला हाकलून दिलं आणि त्याच्याच एखाद्या मेंढीच्या मेंदूवर मी जगलो. डॉक्टरांना मी हे बोललो नाही. बिल देऊन बाहेर आलो.

मग रोज संध्याकाळी त्या म्हाताऱ्या कुरुबाकडे, सगळ्यांच्या ताताकडे, जाऊ लागलो, सीझरला दुहेरी साखळीला बांधून. त्याच्याकडून कळलं ते माझ्या सगळ्या पुस्तकी माहितीपेक्षा साधं होतं. हाकणारा कुत्रा वेगळा आणि राखणारा वेगळा. मेंढ्यांचे बरेच विलायती कुत्रे हाकणारे. रेमंड कॉपिंजर या अमेरिकी अभ्यासकानं मांडलंय, की शिकारीच्या साखळीतल्या नजर रोखणं, दबा धरणं, पाठलाग करणं या कड्या बॉर्डर कॉलीत ताणून मोठ्या केल्या आणि चाव्याची कडी दाबून टाकली. राखणाऱ्यात सगळी साखळीच निजवलेली असते. ताता कॉपिंजरचं नाव ऐकायच्या आधीपासून हेच करत आला आहे. डोळे उघडले की पिल्लू कोकरांच्या डालग्यात टाकायचं, मेंढीचं दूध पाजायचं. कन्नडात दोघांनाही 'मरि'च म्हणतात, नायिमरि आणि कुरिमरि. त्या पिल्लाला आपण मेंढरांतलेच आहोत असं वाटतं. लांडगा आला, आणि इथे उसातला बिबट्या आला, तर ते मध्ये उभं राहतं. "ती मेंढरं राखत नाही," तो म्हणाला, "घरच्यांना राखते."

आणि सीझर? जर्मनीत मेंढ्या उघड्या पिकांमधल्या चिंचोळ्या पट्ट्यांत चरायच्या, कुंपण नसायचं. हा कुत्रा दिवसभर पिकाच्या कडेनं ये-जा करायचा, चालतं कुंपणच. आमच्या आवारात भिंतीलगत सीझरनं दीड वर्षात वीतभर रुंदीची वाट पाडली होती, त्यावर गवत उगवत नव्हतं. मी त्याला खुळा म्हणायचो, दोनदा साखळीनं मारलंही. तो बिचारा पीक राखत होता, मेंढ्याच नव्हत्या. उन्हाळ्यात त्याला उकडतं म्हणून मी त्याचे केस मशीननं उतरवून आणले होते, हाही शहाणपणा माझाच. त्या दुहेरी केसांचा थर ऊनही अडवतो, फक्त रोज विंचरून मेलेली लोकर काढावी लागते. आता पहाटे साडेपाचला आणि दिवेलागणीला तासभर कालव्याच्या बांधावरून फिरतो. घरी आल्यावर कानामागे, बोटांच्या बेचक्यांत गोचिडी शोधतो. ही पद्धत ताताची. तो बोलता बोलता हातानं गोचीड काढतो आणि निखाऱ्यावर टाकतो.

ताताशी बोलताना देवही ओळखीचे निघाले. आमच्याकडचा बिरोबा त्यांच्याकडे बीरेदेवरू, आमचा खंडोबा त्यांचा मैलारलिंग. जेजुरीचे वाघ्ये देवाचे कुत्रे म्हणून भुंकतात, कोटंब्यात जेवतात, तसे इकडे कांबळं पांघरलेले, अस्वलाच्या केसांची टोपी घातलेले गोरवय्या. म्हणजे ज्या लोकांत कुत्रा होणं ही देवाची चाकरी आहे, त्यांच्याबद्दल मी पन्नास वर्षं 'ती माणसं' म्हणत होतो. जात विचारली नाही हे खरं. विचारायची गरजच पडली नव्हती.

कळप निघायच्या आदल्या दिवशी डॉक्टरांना घेऊन गेलो आणि त्यांच्या तिन्ही कुत्र्यांना रेबीजची लस टोचून घेतली. वाघ्या कुत्रीनं माझा हात हुंगला, फार रस दाखवला नाही. ताता म्हणाला, "पैसे का घालवता, सार?" तेव्हा मी सांगून टाकलं. मोडक्या कन्नडात, मध्येच मराठीत, दगडासकट सगळं. हे ऐकणारा तो पहिला माणूस. बायकोला नंतर सांगितलं.

त्यानं मधे काही विचारलं नाही. माझं संपल्यावर काठीनं राख सारखी केली आणि म्हणाला, "ती पिल्लं किती होती?"

"तीन. नाही, चार."

"दूध पीत होती?"

"हो."

"मग त्यांना कोणी वाढवलं?"

पन्नास वर्षांत हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. मी काहीच बोललो नाही. पलीकडे पोरं वाघर गुंडाळत होती, तो उठून त्यांच्याकडे गेला.