गेट पासवर सही कोणाची?

चितेगावच्या एका कारखान्यात मी स्टोअरकीपर होतो. पैठण रोडवरून जाणाऱ्याला कारखान्यांची गेटं दिसतात, आतलं स्टोअर दिसत नाही. तिथला एक साधा नियम सांगतो. माल कितीही असो, गेट पासवर सही नसेल तर वॉचमन एक बोल्टसुद्धा बाहेर जाऊ देत नाही. मालक कोण, हे बोर्डावर वाचायचं नसतं; पासवर कोणाची सही चालते ते बघायचं. उभा जन्म हेच केलं. त्यामुळे निवृत्तीनंतर भाच्याकडे गडचिरोलीला गेलो आणि तो मला मेंढा (लेखा) दाखवायला घेऊन गेला, तेव्हा मी जंगलाच्या आधी कागदपत्रं विचारली. भाचा हसला.

आधी जंगलाचं सांगतो, कारण आमच्याकडच्या माणसाला ते सांगावं लागतं. पैठण तालुक्यात झाड म्हणजे बांधावरची बाभूळ, कडुनिंब, नाहीतर मोसंबीची बाग. गडचिरोली जिल्ह्याची सुमारे 70 टक्के जमीन जंगलाखाली आहे. अॅमेझॉनसारखं हे बारमाही ओलं वर्षावन नाही; उन्हाळ्यात पानं गळतात. साग, मोह, तेंदू, चारोळी आणि सगळ्यात जास्त बांबू. मेंढा हे धानोरा तालुक्यातलं गोंडांचं छोटं गाव. बाहेरून बघाल तर चार गावांसारखंच.

गावातले एक भाऊ आम्हाला बांबूच्या रांजीपाशी घेऊन गेले. रांजी म्हणजे बांबूचं बेट. नवे कोंब बाहेरच्या कडेने फुटतात, जुने पिकलेले बांबू मध्ये अडकलेले असतात. यंदाच्या बांबूने साल सोडलेली नसते, पेराला अजून कोरडी वेष्टनं चिकटून असतात. तो तोडायचा नाही. एका बाजूने वाट करून आत शिरायचं आणि मधला पिकलेला काढायचा. काम त्रासाचं, अंग खरचटतं. नगावर मजुरी घेणारा बाहेरचा माणूस कडेचे कोवळेच सपासप तोडून मोकळा होतो आणि रांजी बसते. "पुढच्या वर्षी आम्हालेच यायचं आहे ना इथं," भाऊ म्हणाले. आणखी काही बोलले नाहीत, विळा कमरेला अडकवून पुढे चालू लागले.

हे जंगल आधी कागद कारखान्याला बांबूसाठी दिलेलं होतं. गावकऱ्यांना कुंपणाला बांबू आणला तरी धाक असायचा. ऐंशीच्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम इथल्या नियोजित धरणांविरुद्ध 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन झालं, त्यात ही माणसं होती. त्यातूनच गावाने आपला कारभार आपण करायचा असं ठरवलं. यात पुढाकार दोघांचा : देवाजी तोफा गावातले, मोहन हिराबाई हिरालाल बाहेरून सोबतीला आलेले. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा इथलीच. ग्रामसभेत मतदान नाही. सगळ्यांचं एकमत होईपर्यंत विषय लोंबकळत राहतो. मला हे वेळखाऊ वाटलं, अजूनही वाटतं. पण बायका-पुरुष सगळ्यांनी 'हो' म्हटलेल्या नियमाला नंतर राखणदार कमी लागतो, हेही तितकंच खरं.

आता कागद. वनहक्क कायदा 2006 चा. 2009 मध्ये मेंढ्याला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क सर्वात आधी मिळालेल्या गावांत हे एक. कायद्यात बांबू गौण वनोपज म्हणून स्पष्ट लिहिलेला. तरीही बांबू हलेना! कारण 1927 च्या वन कायद्यात बांबू 'झाड' ठरवलेला आणि वाहतूक परवान्याचं, म्हणजे टीपीचं पुस्तक वनखात्याच्या टेबलावर. माल गावाचा, गेट पास दुसऱ्याचा. हे ऐकल्याबरोबर सगळं प्रकरण माझ्या डोक्यात लख्ख झालं. अखेर 27 एप्रिल 2011 रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि ते पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं. पुढे 2012 च्या सुधारित नियमांत ही तरतूद सगळ्यांसाठीच झाली.

पुस्तक हातात आलं आणि त्याबरोबर जबाबदारीही. मोजणी, नोंदी, लिलाव, मजुरीचा हिशेब, लेखापरीक्षण हे सगळं गावाच्या गळ्यात. असाच हक्क मिळालेल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने तर तेंदूपत्त्याचा पैसाच सोडला. तेंदूसाठी फांद्या छाटतात, आगी लावतात, आणि पानाची शेवटी विडीच होते, म्हणून नको. रोख रक्कम हातची जाऊ देणं गरिबाला सोपं नाही. आमच्या कारखान्यात एका ओव्हरटाइमसाठी किती भांडणं व्हायची ते मी पाहिलंय. बांबूचा पैसा होता म्हणून त्यांना हे परवडलं. आदिवासी निसर्गपूजक असतात म्हणून जंगल राखतात, असं शहरात बसून म्हणायला छान वाटतं. मला ते पटत नाही. जंगल राखलं जातं ते अधिकारामुळे. ब्राझीलने 1988 च्या घटनेत मूळनिवासींचा जमिनीवरचा हक्क मान्य केला. तिथल्या झिंगू खोऱ्यात उपग्रहाच्या चित्रांत आजूबाजूची जमीन उजाड आणि त्यांचा प्रदेश हिरवा दिसतो. पूजा दोन्हीकडे वेगळी असेल, अधिकार मात्र दोन्हीकडे आहे. आणि जिथे अधिकार नुसता कागदावर, तिथे बाहेरचे लोक घुसतातच, ब्राझीलमध्येही आणि आपल्याकडेही.

परत आल्यावर शेजाऱ्यांनी विचारलं, आपल्याला याचा काय उपयोग? चितेगावला जंगल नाही, खरं आहे. पण आपल्याच जिल्ह्यात कन्नड आणि सोयगाव आहे, नांदेडला किनवट आहे, आणि तिथे जंगलावर जगणारी गावं आहेत. तिकडच्या वाचकांनी एवढं करावं : ग्रामसभा बोलवा, वनहक्क समिती आहे का ते बघा आणि सामूहिक हक्काचा दावा उपविभागीय समितीकडे द्या. जुना कागद सापडत नाही म्हणून थांबू नका. दावेदार सोडून गावातल्या इतर वडीलधाऱ्यांनी लिहून दिलेलं निवेदनही नियमांप्रमाणे पुरावा म्हणून धरलं जातं.