पाहणीचे पैसे

कोथरूडच्या काकूंच्या जुन्या बंगल्याला अलार्म मीच बसवला होता. यंदा त्यांच्या मुलानं अमेरिकेतून ऑनलाइन वायफाय कॅमेरा मागवून दिला आणि काकूंनी मोबाइलवर बघत बघत तो स्वतःच लावला. फोनवर जरा संकोचूनच म्हणाल्या, “दिवसा छान दिसतं रे, रात्री नुसतं पांढरं!”

जाऊन पाहिलं, तर कॅमेरा खिडकीच्या काचेला आतून चिकटवलेला. अंधारात तो स्वतःचा इन्फ्रारेड उजेड टाकतो. तो काचेवर आपटून त्याच्याच डोळ्यात परत येत होता. काच आणि ग्रिलच्या मधे, छज्ज्याच्या आडोशाला सरकवला. फाटक दिसायला लागलं. मग मेन स्विच बंद केला. राउटर विझला, कॅमेरा आंधळा झाला. माझा जुना अलार्मचा डबा मात्र 12 व्होल्टच्या बॅटरीवर जागा होता.

असे फोन आता वाढलेत आणि नवीन कामं घटलीत. वाईट वाटतं, पण राग कुणावर धरू? घरात कॅमेरा आणि पडदा बसवून दारातला माणूस बघण्याची युक्ती काढली ती न्यूयॉर्कच्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या नर्सनं. रात्री घरात एकटी असताना भीती वाटे, म्हणून. 1966 साली पेटंटचा अर्ज केला, 1969 मध्ये ते मिळालं. म्हणजे मूळ कारागीर काकूंच्याच जातकुळीतली.

मग माझं काय उरलं? हालचाल टिपणारा सेन्सर खरं तर उष्णतेतला फरक ओळखतो. समोरून सरळ येणारा माणूस त्याला उशिरा कळतो, आडवा जाणारा चटकन. त्याच्या भिंगावर पाल बसली तरी मध्यरात्री हूटर गल्ली उठवतो. म्हणून भिंतीला भोक पाडण्याआधी मी घरभर हिंडतो. चोर कुठून येईल, ऊन कुठून येईल, पाली कुठल्या दिव्यापाशी जमतात. वायरचे पैसे मीटरवर, सेन्सरचे नगावर. हे हिंडणं मात्र इतकी वर्षं फुकट होतं.

“किती झाले? सामान तर काहीच नाही लागलं.”

मी बिलबुक काढलं. पहिल्यांदाच लिहिलं : पाहणी, 500 रुपये.

काकूंनी चष्मा पुसून ती ओळ दोनदा वाचली. “बरं,” म्हणाल्या, “मग मागचं न्हाणीघराचं दारही बघूनच जा.”