साईड

आमच्या माणदेशात कॉलेजची साईड पोरगं निवडत नसायचं, मार्कं निवडायची. दहावीला साठाच्या वर पडली की सायन्स, पन्नास-साठाच्या मधी कॉमर्स आणि काठावर पास झालं की आर्ट. ‘पोरगं आर्टला हाय’ हे आई-बाप चारचौघांत जरा हळू आवाजातच सांगायचे. पोराला काय आवडतं, हे कुणी विचारत नव्हतं आणि त्याचं आम्हा पोरांनाही काही वाटत नव्हतं. जेवणात आवडनिवड चालत नव्हती, तिथं शिक्षणात कुठली चालायला?

मला 1984 साली दहावीला एकाहत्तर टक्के पडले. गावात तेवढे तोवर कुणाला पडले नव्हते. त्यामुळं माझी साईड माझ्याआधी पारावर ठरली. आबांनी म्हसवडच्या बाजारात दोन शेरडं विकली, तलाठ्याकडनं उत्पन्नाचा दाखला काढला, ई.बी.सी.चा फॉर्म भरला आणि मला सायन्सला घातलं. बारावीला छप्पन टक्के आले. एवढ्यावर डॉक्टरकी मिळत नाही, हे आबांना कळायला वेळ लागला. पण ‘बी.एस्सी. तरी सायन्सच न्हवं?’ म्हणून त्यांनी मनाचं समाधान करून घेतलं. 1986 च्या जूनमध्ये मी बी.एस्सी.ला नाव घातलं.

होस्टेलच्या खोलीत माझ्यासोबत एक आटपाडीकडचा पोरगा होता. तो आर्टला, भूगोल घेतलेला. एके रात्री त्यानं कॉटवर एक भला मोठा नकाशा पसरला. टोपोशीट म्हणत्यात त्याला. म्हणाला, “बघ, तुमच्याकडचाच हाय.” मी वाकून बघितलं, तर आमचं गाव! नाव छापलेलं. शेजारी डोंगराच्या तपकिरी रेघा, एकीला चिकटून एक. आणि गावाच्या अंगानं गेलेला आमचा ओढा. तो मात्र काळ्या रेघेनं काढलेला. मी विचारलं, “नदी-ओढं निळं असत्यात न्हवं?” तो म्हणाला, “पाणी असलं तर निळं. कोरडा असंल तर काळा.”

त्या काळ्या रेघेकडं मी लई वेळ बघत राहिलो. आमच्या ओढ्याला पाणी नाही, हे सगळ्या मुलखाला ठाऊक होतं. पण कुणीतरी येऊन ते बघून, मोजून, कागदावर लिहून गेलं होतं. आम्ही ‘नशीब’ म्हणायचो, त्याला इथं एक खूण होती आणि खुणेला अर्थ होता.

पुढचे पंधरा दिवस मी माझे तास बुडवून भूगोलाच्या तासाला मागच्या बाकावर बसलो. सरांनी एकदा फळ्यावर सह्याद्रीची उभी कड काढली. समुद्राकडनं आलेला वारा कड चढताना थंड होतो, पाणी तिथंच टाकतो आणि पलीकडं उतरताना कोरडा होऊन येतो. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथनं पूर्वेला शंभरेक किलोमीटरवर दहिवडी, तिथं पाचशेच्या आतबाहेर. जिल्हा एकच. पर्जन्यछाया हा शब्द शाळेत पाठ केला होता, पण त्या छायेत आपलंच घर आहे, हे त्या दिवशी कळलं.

साईड बदलायची तर प्राचार्यांची परवानगी आणि पालकाची सही लागत होती. खिडकीतला क्लार्क म्हणाला, “सायन्सवरनं आर्टला? लोक उलटं मागत्यात. वडलांना घिऊन ये.” आबा एस.टी.नं आले. खिडकीसमोर उभं राहून त्यांनी एवढंच विचारलं, “नापास झालायस का?” मी म्हणालो, “न्हाय.” “मग?” मला सांगता आलं नाही. आबांनी एकेक अक्षर जोडत सही केली, चहासुद्धा न घेता मुक्कामी गाडीनं परत गेले. नंतर दीड-दोन वर्षं त्यांनी माझ्या शिक्षणाबद्दल एक अक्षर विचारलं नाही. पैसे मात्र महिन्याच्या महिन्याला येत होते. गावात कुणी विचारलं की म्हणायचे, “कालेजात हाय.” साईड सांगायचे नाहीत.

तिसऱ्या वर्षाला स्पेशल विषय लिहून द्यायचा होता. जो तो म्हणायचा, अर्थशास्त्र घे, स्पर्धा परीक्षेला उपयोगी पडतं. भूगोलाला प्रात्यक्षिकं, त्यांची वेगळी फी, शिवाय उन्हातान्हात सर्व्हे करत हिंडायचं. फॉर्म घेऊन मी सुट्टीत गावी गेलो.

आमच्या गावाच्या वरच्या अंगाला 1972 च्या दुष्काळातला पाझर तलाव आहे. मी तेव्हा चार वर्षांचा होतो. आबा आणि आई दोघंही त्या कामावर होते. आबा खडी फोडायचे, आई पाट्या वाहायची. कामावर मिळणारी सुकडी खाऊन आम्ही पोरं जगलो. तलाव झाला, पण पाणी टिकंना. दिवाळीला भरलेला दिसायचा आणि संक्रांतीच्या पुढं तळ उघडा पडायचा. सारा गाव त्याला ‘गळका’ म्हणायचा. ज्यांनी तो बांधला तेसुद्धा. आबा तर त्याच्या वाटेनंच जायचे टाळायचे.

त्या सुट्टीत मी आबांना मुद्दाम बांधावर नेलं. म्हणालो, “आबा, ह्यो साठवायचा तलाव न्हवं. पाझर तलाव हाय. ह्याचं पाणी मुरावं म्हणूनच बांधलाय. हितं मुरतं आणि मुरमाच्या थरातनं खाली सरकतं. आता सांगा, खालच्या अंगाच्या विहिरींस्नी पाणी कवापातूर असतं?”

आबा विचार करून म्हणाले, “शिमग्यापातूर. कवा कवा पाडव्यापातूर.”

“आणि तलाव व्हायच्या आधी?”

ते लगेच बोलले नाहीत. खालच्या मळ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, “दिवाळीतच तळ दिसायचा.” आणि थोड्या वेळानं, “म्हंजी आमचं काम फुकट गेलं न्हाय म्हण की.”

“न्हाय गेलं.”

“ह्ये तुला त्या आर्टात शिकिवलं?”

“व्हय.”

घरी आल्यावर त्यांनी आपणहून फॉर्म मागितला. कुठं सही करायची ते विचारलं. स्पेशलच्या फॉर्मवर पालकाची सही लागत नव्हती, पण मी ते सांगितलं नाही. कोपऱ्यात त्यांची सही घेतली. पुढं गावात कुणी तलावाला गळका म्हटलं की आबा त्याला बसवून घ्यायचे आणि मुरूम, काळा पाषाण सगळं समजावून सांगायचे. त्यातलं निम्मं माझं असायचं, निम्मं त्यांनी विहिरी खांदताना बघितलेलं. त्यांचं निम्मं जास्त पक्कं होतं.

मी बी.एड. करून हायस्कूलला चिकटलो. आता दर जूनला एखादा बाप पोराला घेऊन दारात येतो. “सर, आर्टला घातलं तर पोटाला मिळंल का?” ह्याचं खात्रीचं उत्तर माझ्याकडं नाही आणि खोटं मी सांगत नाही. मी पोरालाच विचारतो, “आपल्या गावातलं असं काय हाय, जे रोज बघतोस पण कळत न्हाय?” काही पोरं खाली मान घालून बसतात. एखादं बोलायला लागतं. मग मी आत चहा टाकायला सांगतो, कारण आता बापाला बराच वेळ बसावं लागणार असतं.