वडिलांची पिवळी पावती आणि आपला सहकार

एम.ए. झाल्यावर सहा वर्षे मी बेरोजगार होतो. नेट, सेट, एमपीएससी, तासिका तत्त्वावरची प्राध्यापकी, सगळे करून झाले. तेव्हा एका कार्यकर्त्याने वस्तीतल्या आम्हा मुलांना सुचवले, "सहकारी संस्था काढा, शासन भागभांडवल देते." घरी सांगितले तर वडील हसले. त्यांनी पेटीतून शेअरची पिवळी पडलेली पावती काढली. वीस वर्षांपूर्वी तेही अशाच एका मागासवर्गीय औद्योगिक संस्थेचे सभासद होते. कारखाना उभाच राहिला नाही. सह्या आपल्या माणसांच्या, निर्णय दुसऱ्याच्या वाड्यावर!

मग सहकार सोडून द्यायचा का? मला तसे वाटत नाही.

पुण्यात कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांनी १९९३ साली संघटना बांधली. त्यात बहुसंख्य दलित स्त्रिया. आधी ओळखपत्रासाठी लढल्या. पुढे २००८ साली त्यांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने घरोघरचा कचरा गोळा करण्याचा महापालिकेशी करार केला. आधी संघटना, मग संस्था, हा क्रम लक्षात घ्या. आपल्याकडे आधी चेअरमन ठरतो, मग सभासद शोधतात.

मात्र कचरा हेच आपले काम, असे आपल्या पोरांनी का मानावे? जातीने कामाबरोबर कामगारही वाटून टाकले, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिले. सहकाराने ती वाटणी पक्की करता कामा नये. आणि 'नोकरी मागू नका, उद्योजक व्हा' म्हणणाऱ्यांना सांगू या की, अनुशेषाची मागणी आम्ही सोडलेली नाही.

१९६० च्या सहकार कायद्यात सभासदाला एकच मत आहे, शेअर कितीही असोत. राजकारणात एक मत आणि अर्थव्यवहारात विषमता, हा विरोध बाबासाहेबांनी संविधान सभेत मांडला होता. तो मोडायला हे एक मत कामी येऊ शकते. वडिलांकडेही ते होते. सभाच झाली नाही, तर वापरणार कुठे?

आता आम्ही बारा जण वायरिंग आणि नळदुरुस्तीची कामे एकत्र घेतो. नोंदणी अजून केलेली नाही. आधी वर्षभर हिशेब नीट ठेवायचा, असे ठरले आहे. दर रविवारी वंदनेनंतर विहारात जमाखर्च मोठ्याने वाचतो. वडील मागे बसतात आणि प्रत्येक पावती मागतात. मित्रांनो, आपल्या संस्थेत अशी पावती मागणारा माणूस आधी बसवा. चेअरमन नंतर निवडता येईल.

जयभीम!