गाडीच्या पोटाखाली

रत्नागिरीत जुनी गाडी बघायला गेलेला जाणता माणूस आधी बॉनेट उघडत नाही, खाली अंथरायला काहीतरी मागतो. इंजिनाचं काम काढता येतं. कुजलेल्या पत्र्याचं काय करणार? मी पुण्याची सेकंडहँड गाडी इथे आणली तेव्हा आमच्या मेस्त्रींनीही तेच केलं. चटई टाकली, टॉर्च घेतला आणि आडवे होऊन आत सरकले. ‘‘सर, वरनं चकाचक आहे. खालनं बघा या.’’

खाली सगळीकडे जाड, काळं, खरखरीत कोटिंग होतं. गिऱ्हाईक खूश व्हावं असंच. मेस्त्रींनी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जायला सुरुवात केली. टण, टण, टण. आणि मागच्या चाकाच्या कमानीशी एकदम बद्द. तिथे त्यांनी पातं कडेने आत घातलं, तर भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा वीतभर थर सुटून हातात आला. आतल्या बाजूला वाळलेली माती, आणि मातीमागे तपकिरी भुगा. आधीच्या मालकाने कुठल्याशा सेंटरवर कोटिंग मारून घेतलं होतं आणि मारणाऱ्याने पत्रा न धुता थेट चिखलावरच फवारा सोडला होता.

उघडा पत्रा गंजला तर निदान दिसतो. कोटिंगखालचा गंज झाकलेला राहतो. खडी उडून थराला बारीक भोक पडतं, पाणी आत शिरतं, आणि मग त्याला वाळायला वाटच उरत नाही. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे तो थराला आतून उचलत नेतो आणि पाण्याला आणखी जागा करून देतो. म्हणून फाटक्या कोटिंगपेक्षा कोटिंग नसलेलं बरं, या मताला मी आता आलो आहे. मारून विसरून जायचं असेल, तर मारूच नये.

त्यात आमचं हवामान. वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस ही अर्धीच गोष्ट झाली. आरे-वारेच्या रस्त्याने गणपतीपुळ्याला जाऊन आलात तर काचेवर हात फिरवून बघा, बोट चिकट होतं. तेच मीठ गाडीच्या पोटालाही बसलेलं असतं. साधं मीठ हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या आसपास गेली की स्वतःच ओलावा ओढून घेतं. म्हणजे पाऊस नसला तरी पहाटे पत्रा ओला, आणि तोही खाऱ्या पाण्याने. जयगडहून तवसाळला फेरीबोटीने जायचं तर चढता-उतरताना चाकांखाली समुद्राच्या पाण्याने भिजलेला उतार असतो. तशा दिवशी घरी आल्यावर चहाच्या आधी मी होज पाइप हातात घेतो.

पाणी कुठलं, हाही प्रश्न असतो. एप्रिल-मे महिन्यांत किनाऱ्याजवळच्या कितीतरी विहिरी मचूळ होतात. त्या पाण्याने गाडी धुणं म्हणजे मीठ काढून पुन्हा मीठच लावणं. मी सरळ चूळ भरून बघतो. जिभेला खारट लागलं तर नळाचं पाणी येईपर्यंत थांबतो. प्रेशरच्या पाण्याबद्दलही बजावावं लागतं. नळी हातभर लांब धरली तर माती निघते, अगदी जवळ आणली तर थराची कडच उचकटते.

पण कोटिंगचा खरा शत्रू वॉशिंग सेंटरवर भेटतो. गाडी रॅम्पवर चढली, धुऊन झाली, की तिथला पोरगा आपुलकीने विचारतो, ‘‘काका, खालनं डिझेल मारू ना?’’ मारलं की सगळं खालून काळंभोर, तुकतुकीत दिसतं आणि आपणही वीस रुपये जास्त देऊन हसत निघतो. डांबरी कोटिंग डिझेलने मऊ पडतं, सुटतं. रबरी बुश फुगतात. आणि त्या तेलकटपणावर पुढच्या फाट्यापर्यंत धूळ बसते ती वेगळीच. जळकं ऑईल ब्रशने फासण्याचीही जुनी रीत आहे. ट्रकवाल्यांचं त्यावर चाललं असेल, पण ते पावसात धुऊन कुणाच्या तरी वाफ्यात जातं. मी दोन्हींना नाही म्हणतो. पोरगा दर वेळी तितक्याच आपुलकीने विचारतो.

दरवाजांच्या आणि खालच्या पट्टीच्या बुडाला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात. घाईने कोटिंग मारणारा ती हमखास बुजवतो. मग काचेवरून उतरलेलं पाणी दरवाजातच साठतं आणि पत्रा आतून कुजत येतो. त्यांच्यासाठी केरसुणीतला एक हीर डिकीत ठेवला आहे. हीर वाकतो पण रंगाला ओरखडा काढत नाही. पावसाळ्यात कधीतरी तो आत घालून फिरवला की लाल गाळ आणि घोटभर पाणी बाहेर येतं. चाकाच्या कमानीतलं प्लास्टिकचं लायनर मात्र वर्षातून एकदा काढूनच साफ करावं लागतं. जांभ्याची माती त्याच्यामागे ठासून बसते आणि दिवाळीपर्यंत ओली राहते.

नवा थर कधी मारायचा यावर मेस्त्रींचं आणि माझं अजून जमलेलं नाही. इथे सगळ्यांना मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात जाग येते आणि गॅरेजबाहेर रांग लागते. तेव्हा हवा दमट असते, मेस्त्री घाईत असतात आणि गाडी सुकायला कुणी सोडत नाही. मी जानेवारी धरतो. कोरडी हवा, मोकळा रॅम्प, आणि पावसाने काय केलं तेही तोवर दिसून आलेलं असतं. मेस्त्रींचं म्हणणं, जानेवारीत मारलेल्या थरावर पाऊस येईस्तोवर हायवेची खडी खाऊन पुन्हा भोकं पडतात. हातखंब्याच्या पुढचा रस्ता आठवला की त्यांचंही पटतं. म्हणून मेमध्ये मी फक्त टॉर्च घेऊन खाली जातो; टवका उडालेला दिसला तर तेवढाच भाग खरवडून भरतो.

अख्ख्या थरावर पुन्हा नवा थर चढवायला मात्र मी कधीच तयार होत नाही. सुटं झालेलं सगळं काढायचं, वायर ब्रश आणि पॉलिश पेपरने गंज घासायचा, उरलेल्यावर फॉस्फरिक अ‍ॅसिडचं कन्व्हर्टर, ते सुकल्यावर प्रायमर, आणि मग कोटिंगचे दोन पातळ हात. एकच जाड हात दिला तर वरून साय धरते आणि आत आठवडाभर चिकटच राहतं. फवाऱ्याच्या आधी सायलेन्सर, ब्रेक, एक्सलचे रबरी बूट आणि सेन्सर यांच्यावर कागद चिकटवला की नाही हे मी उभा राहून बघतो. मेस्त्रींना ते आवडत नाही, पण चहा मागवतात.

मागच्या कमानीतला तो वीतभर पत्रा काही वाचला नाही. तो कापून नवा तुकडा जोडायचा आहे. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची वायर काढायला आणि भोवतीचं कोटिंग लांबपर्यंत खरवडायला सांगून ठेवलंय, कारण डांबर पेटायला वेळ लागत नाही. दिवस मात्र ठरायचा आहे: मेस्त्री म्हणतात गणपती झाले की लगेच, मी म्हणतो पाऊस पुरता जाऊ दे.