नेटवर्क हेतु अनुपयुक्त

करोंदच्या आमच्या शाखा-कचेरीतील जुन्या संगणकांच्या यादीवर १९९६ साली एका तपासणी अधिकाऱ्याने, एकाही यंत्राचे झाकण न उघडता, ‘नेटवर्क हेतु अनुपयुक्त’ असा जो शेरा मारला, तो मला आजतागायत सलतो. विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी चार महानगरांत इंटरनेट सर्वसामान्यांस खुले केले होते. आमची अपेक्षा त्याहून पुष्कळच माफक, म्हणजे बैरसिया मार्गावरून शहरातील मुख्य कचेरीच्या युनिक्स यंत्राशी मोडेमद्वारा जोडले जावे, एवढीच होती.

आमची यंत्रे २८६ जातीची. फोन लागे, अक्षरेही पडद्यावर उमटत. परंतु मोठी फाइल मागविली की ती जागच्या जागी रेंगाळे. दोष होता सिरीयल पोर्टवरील ८२५० या चिपमध्ये. तिच्यात आलेले एकच अक्षर धरून ठेवण्याची सोय असे, आणि सेकंदाला १९,२०० बिटांच्या वेगाने दर अर्ध्या मिलिसेकंदास नवे अक्षर येऊन थडकत असताना प्रोसेसर डिस्कवर लिहिण्यात गुंतलेला असला, तर आधीचे अक्षर नष्ट होई. मग त्या पॅकेटच्या बेरजेचा पडताळा जुळत नसे, यंत्र ते टाकून देई, आणि पोच न मिळाल्यामुळे पलीकडून ते सबंध पॅकेट पुनश्च पाठविले जाई. माझ्या सहकाऱ्याने १६ अक्षरे सांभाळणारी १६५५०ए ही चिप मिळविली. जुनीच्या चाळीस पायांखाली बारीक पेचकस सारून, कधी या टोकाने तर कधी त्या टोकाने तिला अलगद उचलले आणि त्याच खोबणीत नवी बसविली. हौशी रेडिओवाल्यांसाठी फिल कार्न यांनी लिहिलेली केए९क्यू ही प्रणाली डॉसवर चढवताच फाइल अखंड उतरली.

चाचणीच्या नोंदी जोडून आम्ही रीतसर अर्ज गुदरला. जबाब आला की यादी मंजूर झालेली असून फेरतपासणीची तरतूद नाही. तरतूद नाही! चालते यंत्र डोळ्यांसमोर असताना कागदावरील शेऱ्यास अधिक प्रमाण मानावे, याहून मोठा अन्याय कारकुनी व्यवहारात मला ठाऊक नाही. चिप बदललेले ते यंत्रही इतरांसमवेत भंगारवाल्याच्या काट्यावर चढले. पॅकेटच्या शीर्षभागात पाठविणाराचा व घेणाराचा पत्ता असतो, यंत्राचे वय लिहावयास तेथे जागा नाही; आणि निर्लेखन करणाराने कोणता भाग नादुरुस्त आहे हे नमूद केल्याखेरीज सही करू नये, असे माझे ठाम मत आहे.

तथापि अलीकडे शेजारच्या एका विद्यार्थ्याने त्याचे जुने ४८६ इंटरनेटला जोडण्याविषयी विचारले, तेव्हा आजच्या संकेतस्थळांचे कूटलेखन त्या यंत्रास झेपणारे नाही, हा नाद सोड, असा सल्ला मीच त्याला दिला. त्याने तो मानला नाही. कूटलेखन उलगडण्याचे काम घरातल्या नव्या संगणकावर सोपवून तो जुन्यास निव्वळ मजकूर पुरवितो, आणि त्यावर बातम्या वाचतो.