सासवड : मुक्काम आणि मोजदाद

“आता शिरगणती होईल तेव्हा मला कुठं धरतील रे? इथं की सासवडात?”

आईने हा प्रश्न विचारला तेव्हा ती स्वारगेटच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात, खिडकीशी बसून वर्तमानपत्र वाचत होती. जनगणनेची अधिसूचना जून २०२५मध्ये निघाली आणि १ मार्च २०२७ ही तिची संदर्भतारीख ठरली, त्यासंबंधीचा मजकूर तिच्यासमोर होता. मी सवयीने म्हणालो, “काय फरक पडतो?” ती काही बोलली नाही. वर्तमानपत्राची घडी घालून तिने ते बाजूला ठेवले. तिचे हे घडी घालणे माझ्या ओळखीचे आहे. समोरच्याला विषयच कळलेला नाही, तेव्हा तो वाढवण्यात अर्थ नाही, असा त्याचा आशय असतो.

आईचे वय चौऱ्याऐंशी. लग्न होऊन ती सासवडला आली, ती दोन वर्षांपूर्वी न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचे हाड मोडेपर्यंत तिथेच राहिली. त्यानंतर मी तिला इकडे आणले. सासवडच्या घराला कुलूप आहे आणि किल्ली शेजारी. म्हणजे प्रश्न साधा होता. पण त्याचे उत्तर देऊ लागलो तेव्हा मला ते येईना, आणि ते का येत नाही याचा विचार करताना आपल्या गावाविषयी आपण किती ठरावीक साच्यात बोलतो हे ध्यानात आले.

हा साचा जुना आहे. १८८५ साली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमधील पुणे जिल्ह्याच्या खंडाचे तीन भाग आहेत आणि तिसऱ्या भागात जिल्ह्यातील स्थळे वर्णानुक्रमाने दिली आहेत. गाव कुठे, पुण्यापासून किती मैलांवर, लोकसंख्या किती, देवळे कोणती, इतिहासात काय घडले. पुढे शाळेच्या भूगोलात, नगरपालिकांच्या स्मरणिकांत आणि आमच्यासारख्यांनी लिहिलेल्या गावाच्या आठवणींत हाच क्रम थोड्याफार फरकाने चालू राहिला. भूगोल, इतिहास, लोकसंख्या. मीही याच क्रमाने जातो. साचा कुठे अपुरा पडतो हे त्याच्या आत शिरल्याशिवाय दिसत नाही.

प्रथम भूगोल. स्वारगेट या नावातला पहिला शब्द फारसी, दुसरा इंग्रजी. आज तिथे स्वारही नाही आणि गेटही नाही. आहेत ती एसटी आणि शहर बससेवेची स्थानके, उड्डाणपूल आणि सप्टेंबर २०२४पासून जमिनीखालची मेट्रो. इथून सासवड तीसेक किलोमीटर. एक वाट हडपसरवरून, दुसरी कोंढव्यावरून बोपदेव घाटाने. पहिल्या वाटेने गेले तर वडकीचा मस्तानी तलाव मागे पडतो, दिवे घाटाची वळणे सुरू होतात आणि वर पोहोचताच हवा बदलते. हे कऱ्हेपठार. पावसाच्या छायेतला, कोरड्या वाऱ्याचा, माळरानाचा मुलूख. इथे पीक येते ते पाण्याचा हिशेब करून : अंजीर, सीताफळ, वाटाणा. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण त्याच्या कितीतरी आधीपासून हंगामात भल्या पहाटे निघणाऱ्या गाड्यांना पाट्यांतल्या अंजिरांचा वास असे.

कऱ्हा ही मोठी नदी नव्हे. वर्षातले बरेच महिने तिच्याकडे पाहून तिला नदी म्हणायला श्रद्धा लागते. गराड्याकडच्या डोंगरांतून ती निघते, सासवडला संगमेश्वराच्या पायऱ्यांपाशी चांबळी नदीला भेटते, जेजुरीच्या जवळून पुढे सरकते आणि बारामती ओलांडून सोनगावला नीरेला मिळते. घाटमाथ्याच्या अलीकडे पडलेला पाऊस मुळा-मुठेला जातो, पलीकडचा कऱ्हेला. दोन्ही पाणी एका डोंगराने वेगळे केलेले. पण मुळा-मुठा भीमेला मिळते, नीराही नरसिंगपूरला भीमेलाच मिळते, आणि भीमा तिथून पंढरपूरला जाते. स्वारगेटचे पाणी आणि सासवडचे पाणी असे शेवटी एका पात्रात येते. हे मी शाळेत शिकलो नाही, मोठेपणी नकाशा पाहताना उमजले. आईला सांगितले तर ती म्हणाली, “वारकऱ्यांना विचारायचंस.”

आता इतिहास. सासवडचा इतिहास सांगू लागले की नावे मोठी निघतात. परंपरेनुसार १२९६ साली सोपानदेवांनी इथे समाधी घेतली. पुरंदर किल्ला तर जवळच. तिथे १६५७ साली संभाजीराजांचा जन्म झाला, १६६५ आणि १७७६ साली दोन तह झाले. जुन्या कागदांत ‘कसबे सासवड’ असा उल्लेख येतो. बाळाजी विश्वनाथांना आधार देणारे पुरंदरे घराणे इथले. त्यांच्या वाड्याची तटबंदी पाहताना शनिवारवाडा आठवल्याशिवाय राहत नाही. पहिल्या पेशव्यांनी एप्रिल १७२० मध्ये देह ठेवला तो सासवडलाच. त्यांची समाधी नदीकाठी आहे. उमाजी नाईक शेजारच्या भिवडीचे. महात्मा फुले यांच्या घराण्याचे खानवडीही याच तालुक्यातले. आणि प्रल्हाद केशव अत्रे १८९८ साली जवळच्या कोडीतला जन्मले.

ही यादी शाळेच्या गॅदरिंगमध्ये मी मोठ्या अभिमानाने म्हणून दाखवली आहे. आज ती पुन्हा वाचताना एक गोष्ट खटकते. यातली बहुतेक माणसे एक तर इथे येऊन विसावली किंवा इथून निघून गेली. बाळाजीपंतांचा देह सासवडला पडला, पण त्यांच्या मुलाने १७३० साली वाड्याचा पाया घातला तो पुण्यात, आणि सत्तेबरोबर माणसेही घाट उतरली. उमाजींना १८३२ साली फाशी झाली ती पुण्यात. अत्र्यांचे कर्तृत्व पुण्या-मुंबईचे. गावाच्या वाट्याला आले ते त्यांच्या आत्मचरित्राचे नाव, ‘कऱ्हेचे पाणी’. आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर केशवराव जेधे यांच्या नावाचा चौक आहे. फेब्रुवारी १९५६ मध्ये पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समितीची स्थापना झाली ती जेध्यांच्या अध्यक्षतेखाली, आणि त्या चळवळीचा सर्वांत दणदणीत आवाज अत्र्यांचा होता. त्या आवाजाला पुण्या-मुंबईच्या इतिहासात पानेच्या पाने आहेत. सासवडच्या इतिहासात ‘जन्म’ एवढीच नोंद. लहान गावाचा इतिहास असा दोन शब्दांत आटोपतो : इथे जन्मले, इथे समाधिस्थ झाले. मधले आयुष्य घाटाखाली.

जानेवारी २०१४ मध्ये सासवडला ८७वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले, फ. मुं. शिंदे अध्यक्ष होते. गावाने पाहुण्यांना घरे उघडून दिली होती, आमच्याकडेही दोन प्राध्यापक उतरले होते. त्यांनी आईला विचारले, “अत्र्यांच्या गावात राहण्याचा अभिमान वाटत असेल?” आई म्हणाली, “वाटतो. पण ते इथं राहिले नाहीत, आम्ही राहिलो.” त्यांना तो विनोद वाटला.

उरली लोकसंख्या. २००१च्या जनगणनेत सासवडची लोकसंख्या २६,६८९ होती, २०११ मध्ये ती ३१,०७९ झाली. त्याच २०११ साली पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत ३१,२४,४५८ माणसे मोजली गेली. म्हणजे पुणे सासवडच्या जवळजवळ शंभरपट. जनगणनेच्या व्याख्येत सासवड हे नागरी क्षेत्र आहे, कारण तिथे नगरपालिका आहे. नगरपालिका नसलेल्या गावाला नागरी ठरण्यासाठी पाच हजार वस्ती, चौरस किलोमीटरला किमान चारशेची घनता आणि पुरुष कामकऱ्यांतले पंचाहत्तर टक्के शेतीबाहेर, अशा अटी असतात. सासवडला त्या अटींत उतरावे लागत नाही. मात्र नागरी म्हणून मोजलेल्या या गावात कितीतरी घरांच्या अंगणात वाटाण्याच्या शेंगा पसरलेल्या असतात. इंग्रजीतल्या ‘टाउन’ला आपण शहर म्हणतो तेव्हा ते मोठे होते आणि गाव म्हणतो तेव्हा लहान. ‘कसबा’ हा नेमका शब्द आपल्याकडे होता; तो आपण पेठेच्या नावापुरता ठेवला.

आकडे म्हटले की मला दादा आठवतात. माझे वडील प्राथमिक शिक्षक होते आणि शिरगणतीचे काम शिक्षकांकडेच येई. १८८१ सालची गणती १७ फेब्रुवारीच्या एका रात्रीत सगळ्या देशात एकदम झाली होती आणि १९३१पर्यंत ती एका रात्रीचीच असे, हे त्यांनी मला सांगितले होते. पुढे मोजणीसाठी काही दिवस मिळू लागले. बेघरांना मात्र शेवटच्या एका रात्रीत मोजायचे, हे उरले. २८ फेब्रुवारी १९८१च्या रात्री मी दहा वर्षांचा होतो आणि दादांबरोबर विजेरी धरून गेलो होतो. देवळाची ओवरी, एसटीचे स्थानक, मग नदीचा घाट. घाटावर पाट्या-वरवंट्यांना टाकी लावत हिंडणारे एक कुटुंब झोपले होते. बाई उठून बसली, पोरांची नावे तिने सांगितली आणि म्हणाली, “गुरुजी, आमचं गाव लिवा की.”

दादा म्हणाले, “आज गाव नाही बाई. रात्री पाठ जिथं टेकली तिथला माणूस, असा नियम आहे.”

“म्हंजे आमी सासवडचं?”

“आजच्या रात्री, हो.”

ती हसली आणि शेजारच्या पोराच्या अंगावर पांघरूण ओढले. परत येताना दादा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “घर असलेल्याला विचारतात, कायम कुठं राहता. घर नसलेल्याला विचारतात, आज कुठं निजलात. दोन्ही प्रश्न सगळ्यांनाच विचारून बघायला पाहिजेत.”

दादांचे ते वाक्य मला दरवर्षी ज्येष्ठात आठवते. आळंदीहून निघालेली माउलींची पालखी पुण्यात दोन रात्री थांबते, वद्य एकादशीला दिवे घाट चढते आणि सासवडला पुन्हा दोन रात्री मुक्काम करते. माउली गावात असतानाच धाकट्या भावाची, सोपानकाकांची, पालखी सासवडहून निघते. त्या दोन रात्री गावातल्या प्रत्येक ओट्यावर, शाळेच्या प्रत्येक वर्गात, नदीकाठच्या प्रत्येक मोकळ्या जागेत माणूस निजलेला असतो. आई मोठ्या पातेल्यात पिठले हाटत असे आणि किती जण जेवले हे कधीच मोजत नसे. मोजले तर पुरत नाही, असे तिचे म्हणणे. ही लोकसंख्या कोणत्याच तक्त्यात नाही, आणि तिच्यावाचून सासवडचे वर्णन पुरे होत नाही.

आणि माझे काय? नोकरीला लागल्यापासून माझी मोजणी पुण्यात झाली आहे. जन्मस्थान आणि आधीचे वास्तव्य या रकान्यांत ‘सासवड’ लिहिले जाते, म्हणजे पुण्याच्या हिशेबी मी बाहेरून आलेला आणि सासवडच्या हिशेबी मी नाहीच. गावाच्या इतिहासातले ‘इथे जन्मले’ एवढेच वाक्य, अत्र्यांच्या कर्तृत्वाशिवाय, माझ्याही वाट्याला आले. मला त्याची बोच वाटली नाही याचे कारण आई त्या ३१,०७९ मध्ये होती. आपल्या घरातले एक माणूस त्या आकड्यात आहे, हे मला पुरत होते.

आता कोविडने लांबलेली ती गणती येते आहे. नगरपालिकेत सदस्य किती, निधीत वाटा किती, हे लोकसंख्येवर ठरते. पण एका माणसाने त्यात काही हलत नाही हे आईलाही कळते. तिचा प्रश्न त्याबद्दल नव्हता. माणसांच्या आधी घरांची मोजणी होते आणि कोणी राहत नसलेल्या घरासमोर ‘रिकामे’ लिहिले जाते. दादांबरोबर राहून हे तिला पाठ आहे. जिथे तिची भांडी फडताळात उपडी आहेत, सोवळ्याचे लुगडे दांडीवर आहे, वृंदावनातली तुळस शेजारीण घालते त्या पाण्यावर जगते आहे, त्या घरासमोर तो शब्द पडणार होता. आणि मी विचारले होते, काय फरक पडतो.

त्या रात्री मी तिला २०११ सालचा नियम समजावून सांगितला. ९ ते २८ फेब्रुवारी या वीस दिवसांत जो आपल्या नेहमीच्या राहत्या ठिकाणी कधीही हजर असेल, त्याला तिथे धरीत.

“म्हणजे फेब्रुवारीत मी तिथं पाहिजे,” ती म्हणाली.

“पण नेहमीचं ठिकाण कोणतं, ते विचारतील. दोन वर्षं तू इथं आहेस.”

“विचारतील तेव्हा मी सांगेन ना.”

तू सांगशील ते खरे असेल का, असे मला विचारता आले असते. दादांनी विचारले असते. ते नियमाचे पक्के होते. पण त्याच दादांनी घाटावरून परतताना दोन प्रश्न एकत्र ठेवले होते. आई निजते स्वारगेटला आणि राहते सासवडला. यातले कोणते खोटे, हे मला ठरवता येत नाही.

मागच्या रविवारी आम्ही दिवे घाटाने वर गेलो. कुलूप काढायला वेळ लागला. घरात कोंदट वास होता, माजघरात वाळवीची एक रेघ छतापर्यंत गेली होती. आई काठी टेकत परसापर्यंत जाऊन आली. मी न्हाणीघरात आधाराला धरायला दांडा कुठे बसवता येईल ते पाहिले आणि मापे लिहून घेतली. वीस दिवस ती एकटी राहू शकणार नाही, म्हणजे मलाही रजा काढून तिथे राहावे लागेल. प्रगणक आला तर तो मलाही विचारील, तुम्ही नेहमी कुठे राहता? मी पुणे म्हणेन. तेच खरे आहे. उंबऱ्याच्या आत आई तिचे उत्तर देईल, आणि ते प्रगणकाने लिहून घ्यावे एवढीच माझी इच्छा आहे.